अनुप कुमारचा न मोजलेला बचाव

(कबड्डी दिनानिमित्त डोलवी, ता. पेण येथे झालेल्या स्मृती व्याख्यानाचा मजकूर)



आज १५ जुलै. शंकरराव तथा बुवा साळवी यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात तो कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. बुवांच्या स्मरणार्थ बोलायचं, विषय तुम्ही ठरवा, असं संयोजकांनी सांगितलं. मी अनुप कुमारचं नाव दिलं, तेव्हा त्यांनी रास्त प्रश्न विचारला : “आपल्याकडचा कुणी नाही का?” रायगडात कबड्डीपटूंची वाण कधीच नव्हती, तेव्हा हा प्रश्न येणारच होता. पण गुरुग्रामकडच्या खेड्यातून आलेला हा माणूस प्रो कबड्डीचे पहिले पाच हंगाम मुंबईचा कर्णधार होता आणि निवृत्तीनंतर दोन हंगाम पुण्याचा प्रशिक्षक होता. पहिल्या आठपैकी सात हंगाम ज्याची कबड्डी आपल्या मुलांनी आपला संघ म्हणून पाहिली, त्याला परका म्हणणं जड जातं.

आणखी एक कारण आहे. चढाईपटू प्रदीप नरवालने २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि त्यानिमित्त जे काही लिहिलं-बोललं गेलं, ते ऐकताना मला सारखा अनुप आठवत होता. प्रदीपचा हिशोब सोपा आहे. चढाईचे १,८०० हून अधिक गुण. पाटण्याकडून खेळताना हरियाणाविरुद्ध एका चढाईत सहाच्या सहा गडी बाद करून लोणासकट, म्हणजे सगळा संघ बाद केल्याच्या जादा गुणांसकट, आठ गुण. हे आकडे फळ्यावर लिहिले की भाषण संपलं. त्याच्या ‘डुबकी’बद्दल वेगळं समजवावं लागत नाही, चार वर्षांचं पोरही ती अंगणात करून दाखवतं. अनुपचं तसं नाही. त्याचे आकडे मांडले तर माणूस हातातून निसटतो.

तरी मांडतो. प्रो कबड्डीत ९१ सामने, ५९६ गुण. त्यातले ५२७ चढाईचे आणि ६९ पकडीचे. २०१४ च्या पहिल्या हंगामात तो सर्वोत्तम चढाईपटू होता. २०१० ला ग्वांगझूत आणि २०१४ ला इंचॉनमध्ये आशियाई सुवर्ण, २०१२ ला अर्जुन पुरस्कार, २०१६ ला अहमदाबादेत विश्वचषक, तोही कर्णधार म्हणून. १९ डिसेंबर २०१८ ला पंचकुलात, जयपूरकडून खेळत असताना हंगामाच्या मध्येच त्याने निवृत्ती जाहीर केली. लोकांनी त्याला दोन बिरुदं दिली. एक ‘बोनसचा बादशहा’, दुसरं ‘कॅप्टन कूल’. पहिलं त्याच्या चढाईबद्दल, दुसरं स्वभावाबद्दल. बचावाबद्दल कुणी काहीच म्हटलं नाही. ९१ सामन्यांत पकडीचे ६९ गुण म्हणजे सामन्याला एकही पुरता नाही. मग बचावावर बोलायचं काय?

बोलायचं हेच, की या खेळाडूचा सगळ्यात मोठा गुण बचाव होता. तो बहुतेक वेळा पकडीच्या रकान्यात न जाता दुसऱ्याच रकान्यात जमा होत राहिला. मी हे म्हणतो तेव्हा समोरचे कोपरारक्षक हसणार हे मला ठाऊक आहे. त्यांनी थोडं ऐकून घ्यावं.

बोनसपासून सुरुवात करू. इथल्या मुलांना हे पाठ आहे, पण सभेत काही शिक्षक-पालकही दिसतात, म्हणून थोडं उलगडून सांगतो. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस चालतो. चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे पूर्ण टेकला पाहिजे आणि त्या क्षणी दुसरा पाय हवेत पाहिजे. म्हणजे एका पायावर उभा असलेला माणूस, दोन्ही कोपऱ्यांच्या तोंडात. घोट्याला हात पडायला याहून चांगली संधी नाही. आता अनुपची चढाई आठवा. पळत येणं नाही, उड्या नाहीत. ताठ उभा, जणू बाजारात भाव विचारायला आलाय. एका कोपऱ्याकडे हात लांब करून दोन पावलं चालायचा, नजर मात्र मध्यरक्षकावर. कोपरा अर्धं पाऊल मागे सरकला की दुसऱ्या बाजूचा पाय आत जाऊन परत यायचा. पंचाचा अंगठा वर. एक गुण.

एवढं पाहून टाळ्या वाजायच्या आणि त्याचबरोबर एक कुरकुरही व्हायची. ती कुरकुर खोटी नव्हती. बोनसने समोरचा गडी बाद होत नाही. बोनसने आपला बाहेर बसलेला गडी आतही येत नाही. मग हा राजा एकेक दाणा टिपत का बसतो? चार जणांच्या घोळक्यात का घुसत नाही?

घुसला आणि पकडला गेला तर काय होतं, ते बघा. तो बाहेर बसतो. समोरच्याला एक गुण, त्याचा एक गडी आत, आणि पुढच्याच क्षणी त्यांचा चढाईपटू सहा जणांच्या बचावावर चालून येतो. सातच्या ठिकाणी सहा झाले की साखळी कुठेतरी सुटते. मधला एक माणूस दोन जागा राखतो आणि कोपऱ्याला झडप घालताना मागे कुणी आहे याची खात्री उरत नाही. पाच झाले की बोनसची चिंता मिटते, पण लोणाचा वास यायला लागतो. बचाव सहसा खराब पकडीने मोडत नाही. तो मोडतो आपल्या चढाईपटूच्या उतावळेपणाने, आणि दोष मात्र कोपऱ्याच्या माथी जातो. अनुपने गुण घेतला आणि चालत परत आला, म्हणजे त्याने एक गुण मिळवला आणि पुढच्या पकडीसाठी सातही माणसं जागेवर ठेवली. तक्त्यावर पहिलं उमटतं. दुसरं उमटत नाही.

खारेपाटात राहणाऱ्यांना हे मी सांगायला नको. बांध शाबूत आहे तोवर त्याची आठवण कुणाला येते? उधाणाला खांड पडली, खारं पाणी भातात शिरलं की सगळं गाव विचारतं, बांधावर कोण होतं. अनुपची कितीतरी मिनिटं अशा खांड न पडलेल्या बांधासारखी गेली.

आता तिसरी चढाई. मुलं तिला डू ऑर डाय म्हणतात. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायलाच हवा, नाही तर चढाईपटू बाद. बऱ्याच संघांना ही शिक्षा वाटते. मुंबईने पहिल्या काही हंगामांत तिचं हत्यार केलं. आघाडी असेल तर अनुप तीस सेकंद आरामात घालवायचा, निदानरेषा ओलांडून परत. लोक ओरडायचे, “खेळ की!” पण समोरचाही गुण काढू शकत नसला, तर हळूहळू त्याची तिसरी चढाई यायची, आणि ती सात जणांच्या भरल्या बचावापुढे यायची. कोपऱ्यांत सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर, मध्ये जीवा कुमार आणि आपला विशाल माने. गुण घेतल्याशिवाय परत फिरता येत नाही अशा अवस्थेत या चौघांच्या तावडीत जाणारा चढाईपटू अर्धा आधीच बाद असायचा. पकड नाड्याच्या नावावर. ते बरोबरच आहे, घोटा त्याने धरला. पण तो घोटा त्याच्या हाताजवळ आला कसा, हे पाहायचं तर आधीच्या चार-पाच चढाया मागे जाऊन बघाव्या लागतात. तेवढी सवड कुणाला असते! टीव्हीवर पकडच तीन कोनांतून दाखवतात.

या पद्धतीचं फळ म्हणजे पहिल्या तीनही हंगामांत मुंबई अंतिम सामन्यात होती. २०१४ ला जयपूरने हरवलं, ३५-२४. २०१५ ला वरळीत बेंगळुरूला ३६-३० ने हरवून विजेतेपद. २०१६ च्या मार्चमध्ये दिल्लीत पाटण्याने ३१-२८ असं निसटतं हरवलं. तीन वर्षांत खेळाडू बदलले, समोरचे संघ शहाणे झाले, तरी हा संघ शेवटच्या दिवसापर्यंत टिकत राहिला.

आता माझ्याच म्हणण्याविरुद्धचा पुरावा ठेवतो, कारण आज ना उद्या तुमच्यातला कुणीतरी तो ठेवणारच. चौथ्या हंगामात नाडा-मोहित ही जोडी मुंबईकडे राहिली नाही. कर्णधार तोच, त्याचे बोनस तेच, आणि मुंबई बाद फेरीच्या बाहेर. पाचव्या हंगामातही बाहेर. मग तो बचाव अनुपचा होता की त्या दोन कोपऱ्यांचा? प्रामाणिक उत्तर असं की कोपऱ्यांशिवाय कुठलाच कर्णधार बचाव उभा करू शकत नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी डावा कोपरा सांभाळला आहे, त्याला हे वेगळं पटवावं लागत नाही. अनुपने पकडी निर्माण केल्या नाहीत, त्याने पकडींना वेळ आणि माणसं दिली. पकडणारे गेले तेव्हा वेळ आणि माणसं वाया गेली. शिवाय वयही होत होतं. पाचव्या हंगामात तो ३३ वर्षांचा होता आणि समोर विशीतली मुलं होती. त्याची ती संथ चाल आता कधी कधी नुसतीच संथ दिसायची. मी अनुपचा चाहता आहे, पण त्या दोन हंगामांवर पांघरूण घालणार नाही. उलट मला वाटतं, त्याचं मोल नेमकं किती हे त्या दोन हंगामांनीच दाखवलं. ते मोठं होतं, पण एकट्याचं नव्हतं.

हा प्रश्न फक्त कबड्डीचा नाही, म्हणून घडीभर बास्केटबॉलकडे वळतो. आपल्याकडे तो खेळ फारसा नाही, पण कोबी ब्रायंटचं नाव इथल्या पोरांच्या बनियनवरही दिसतं. २०१६ साली अमेरिकेत दोन मोठे खेळाडू निवृत्त झाले. कोबीने १३ एप्रिलला शेवटच्या सामन्यात ६० गुण केले, त्यासाठी ५० वेळा बास्केटवर चेंडू टाकला, आणि सगळं जग ते बघत बसलं. दुसरा टिम डंकन. एकाच संघाकडून, सॅन अँटोनियोकडून, १९ हंगाम आणि पाच अजिंक्यपदं. जुलैमध्ये निरोपाचा सामना न करता, दौरा न काढता तो निघून गेला. संघाने पत्रक काढलं, एवढंच. गंमत ही की डंकन १५ वेळा त्या लीगच्या सर्वोत्तम बचाव संघांत निवडला गेला, इतक्या वेळा दुसरं कुणी नाही. पण वर्षातल्या सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार त्याला एकदाही मिळाला नाही. दरवर्षी कुणी ना कुणी जास्त उंच उडी मारून जास्त चेंडू अडवलेला असायचा. डंकन मात्र आधीच अशा जागी उभा असायचा, की समोरचा बास्केटकडे वळायचाच नाही. न टाकलेला चेंडू अडवला असं कुठल्या रकान्यात लिहिणार?

मला दोघांतला अनुपचा नातलग ओळखायला वेळ लागला नाही. मात्र एक फरक आहे. डंकन उंच होता, बलदंड होता. तो बचाव करतो हे निदान दिसायचं तरी. अनुप चढाईला जाताना बचाव करत होता. दम लावून, समोरच्याच्या अंगणात, ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत. हे पटवायला अवघड आहे.

देशासाठी खेळताना काय झालं तेही पाहू. २०१६ चा विश्वचषक अहमदाबादेत. पहिल्याच सामन्यात कोरियाने भारताला ३४-३२ असं हरवलं. भारत कबड्डीत हरतो, तोही आपल्या घरी, हे कुणाच्या कल्पनेतही नव्हतं. त्या रात्री आमच्या चहाच्या टपरीवर अर्ध्या लोकांनी कर्णधार बदलून टाकला होता. पुढे २२ ऑक्टोबरला इराणविरुद्ध अंतिम सामना, मध्यंतराला भारत १३-१८ असा मागे. इंचॉनच्या अंतिम सामन्यातही हाच इराण, तेव्हाही मध्यंतराला आपण मागे, आणि शेवटी २७-२५. अहमदाबादेत उत्तरार्ध चढाईपटू अजय ठाकूरचा ठरला. ३८-२९. छायाचित्रं अजयची आली, यायलाच हवी होती. मी उत्तरार्ध पुन्हा पाहिला तो कर्णधाराकडे बघण्यासाठी. पाच गुणांनी मागे असलेला कर्णधार सहसा स्वतः उडी घेतो. अनुपने अजयला पुढे केलं आणि मागे बचाव ढळू दिला नाही. चेहऱ्यावरून आपण जिंकतोय की हरतोय ते कळत नव्हतं. ‘कॅप्टन कूल’ हे नाव स्वभावाचं म्हणून दिलं गेलं, पण सात माणसांच्या साखळीत एकाचा जरी धीर सुटला तरी हात सुटतो. तेव्हा तो स्वभावही मी बचावातच धरतो.

दोन वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत अनुप नव्हता. उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असं हरवलं. १९९० पासून पुरुषांचं सुवर्ण कधी हुकलं नव्हतं, ते हुकलं. अनुप असता तर जिंकलो असतो, असं मी म्हणत नाही. असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ निघाले आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी २०१६ ला टपरीवर त्याचं कर्णधारपद काढून घेतलं होतं.

वारसा म्हणून काय उरलं? खेळाडू गेल्यावर त्याचं उरलेलं कुणाच्या पायात दिसतं ते शोधावं. अनुप २०१९ ला पुणेरी पलटणचा प्रशिक्षक झाला. पहिला हंगाम चांगला गेला नाही. २०२१-२२ च्या हंगामात, करोनामुळे सगळे सामने बेंगळुरूत रिकाम्या मैदानावर झाले तेव्हा, त्याच्या संघात दोन नवी पोरं आली. एक आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, दुसरा हरियाणाचा मोहित गोयत. दोघेही चढाईपटू म्हणून आले आणि दोघेही पकड करत होते. चढाईपटू पकडीला वाकत नाही, तो गुडघे सांभाळतो, हा आपल्याकडचा जुना रिवाज. ही मुलं चढाई करून यायची आणि लगेच जागेवर खाली बसून हात पसरायची. त्या वर्षी पलटण बाद फेरीत गेली. नंतर प्रशिक्षकपद बी. सी. रमेश यांच्याकडे गेलं, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत अस्लमच्या नेतृत्वाखाली पलटण पहिल्यांदा अजिंक्य झाली. हरियाणाविरुद्ध २८-२५. एवढ्या कमी गुणांचा अंतिम सामना आजकाल क्वचित होतो. विजेतेपद रमेश यांचं, खेळाडूंचं, यात शंका नाही. पण चढाईपटूने आधी बचावपटू असलं पाहिजे ही समज त्या संघात रुजवणाऱ्यांत मी अनुपला धरतो. कुणी नाही म्हटलं तर वाद घालीन.

आता आपल्या इथलं. देवीची जत्रा संपली की माघ-फाल्गुनात खाडीकाठच्या एकेका गावात दिव्यांच्या उजेडात सामने होतात. चुन्याच्या रेषा, पाणी मारलेली माती, कुठे कुठे आता मॅट. पहाटे चारला अंतिम सामना आणि त्यानंतर बक्षिसं. उत्कृष्ट चढाई. उत्कृष्ट पकड. पब्लिक हिरो. या तीन बक्षिसांच्या मागे लागून पोरं खेळतात आणि त्यात त्यांची चूक नाही. भारत पेट्रोलियम, महिंद्र यांच्यासारख्या संघात नाव लागलं तर घर चालतं, आणि नाव लागायला कुणाच्या तरी नजरेत भरावं लागतं. पब्लिक हिरो कोण होतो? जो पाच जणांत घुसतो तो. सात चढायांत चार वेळा बाद झाला तरी चालतं, तीन वेळा मैदान डोक्यावर घेतलं ना! त्या चार वेळा त्याच्या मागे सहा जणांनी काय सोसलं, ते पब्लिकला दिसत नाही. प्रशिक्षकाला दिसतं, आणि तोही बहुधा गप्प बसतो, कारण संघ मोडायला नको असतो.

माझी एक सूचना आहे. बक्षीस वाढवा असं मी म्हणत नाही, ट्रॉफ्यांना आधीच जागा नाही. गुणलेखकाच्या शेजारी एक शाळकरी मुलगा बसवा, हातात वही द्या. त्याने एवढंच लिहायचं : चढाईपटू किती वेळा आत गेला, किती वेळा धडधाकट परत आला, आणि समोरच्या तिसऱ्या चढाईला आपले किती गडी मैदानात होते. गुण नकोत, फक्त या तीन गोष्टी. एका हंगामाची वही भरली की कुठल्या गावचा अनुप कोण आहे ते आपोआप समोर येईल. कदाचित तो आज राखीव खेळाडूंत बसत असेल.

मंचावर ज्येष्ठ पंच बसले आहेत. बोनस हा बचाव आहे या माझ्या म्हणण्यावर सुरुवातीपासून त्यांची मान नकारार्थी हलते आहे, ते मी इथून पाहतो आहे. तेव्हा प्रश्नोत्तरं सुरू करायची तर पहिला मान त्यांचा. या, साहेब.